शिसपेन्सिल आणि ससा

आमच्या वाचनवर्गात दर रविवारी पंधरा-वीस मुलं येतात. समाजमंदिराची एक खोली, दोन सतरंज्या आणि पत्र्याच्या दोन पेट्या भरून पुस्तकं, एवढाच आमचा संसार. त्यात सातवीतली एक मुलगी आहे. ती पुस्तकात कमी आणि खिडकीबाहेर जास्त बघते. बाहेर चिंचेचं झाड, झाडावर खारी. मागे एकदा तिच्या वहीची शेवटची पानं माझ्या हाती लागली आणि मी बघतच राहिले. पानोपानी खारी! पण अख्खी खार एकही नाही. कुठे नुसती शेपटी, कुठे पुढचे दोन पंजे, कुठे कान आणि डोळा. सगळं शिसपेन्सिलीने. संध्याकाळी तिची आई तिला न्यायला आली तेव्हा मी कौतुकानं ती पानं दाखवली. तिनं पदराला हात पुसत वही बघितली आणि सरळ विचारलं, ताई, याचा उपयोग काय?

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही. एरवी बचत गटाच्या बैठकीत तासभर बोलणारी मी, पण तेव्हा गप्प बसले. कारण त्या प्रश्नाशी माझी जुनी ओळख आहे. बीएला असताना कॉलेजच्या भित्तिपत्रकाची चित्रं मीच काढायचे. लग्न झालं, सासरी कुणी नको म्हटलं नाही, पण वेळ काही मिळेना. मग एका दिवाळीच्या आवराआवरीत चित्रांची वही रद्दीत गेली. दुसऱ्या कुणी नाही, मीच घातली.

त्या रात्री भांडी आवरताना मला बिआट्रिक्स पॉटर आठवली.

तुमच्यापैकी काहींच्या घरी निळा कोट घातलेल्या सशाचं छोटंसं इंग्रजी पुस्तक असेल. पीटर रॅबिट त्याचं नाव. २०१८ मध्ये त्याच्यावर सिनेमाही आला होता. तो ससा या बाईंचा. पण मला बाईंची ओळख झाली ती त्या पुस्तकामुळे नाही, तर त्यांनी पेन्सिलीने काढलेल्या सशांमुळे. त्या चित्रांत कोट नाही, बटणं नाहीत, गोष्ट नाही. एका कागदावर सशाची पाच-सहा डोकी. एक समोरून, एक बाजूनं, एक डोळे मिटून पेंगणारं, एकाचे कान मागे पडलेले. आमच्या सातवीतल्या मुलीच्या वहीसारखंच की!

बिआट्रिक्सचा जन्म २८ जुलै १८६६ चा, लंडनचा. घर गडगंज. आजोबांचा सुती कापडावर छपाई करण्याचा मोठा कारखाना होता, आईच्या माहेरचा पैसाही कापसाच्याच व्यापारातला. वडील बॅरिस्टर झालेले, पण वकिली करून पोट भरायची गरज नव्हती, त्यामुळे ते फोटो काढत आणि क्लबात जात. अशा घरातल्या मुलीला त्या काळी शाळेत घालत नसत. शिकवायला बाई घरी यायच्या. खेळायला बरोबरीची मुलं नाहीत. वरच्या मजल्यावरची मुलांची खोली हेच तिचं जग. सहा वर्षांनी भाऊ झाला, बर्ट्रम. तो मोठा झाल्यावर बोर्डिंगच्या शाळेत गेला आणि ही पुन्हा एकटी.

एकटी म्हणजे माणसांशिवाय एकटी हं! कारण त्या खोलीत बहीणभावांनी काय काय पाळलं होतं, ते ऐकलंत तर हसाल. ससे, उंदीर, बेडूक, पाली, सरडे, वटवाघूळ, आणि हेजहॉग म्हणजे अंगभर काटे असलेला मुठीएवढा एक प्राणी, आपल्या साळिंदराचं धाकटं भावंडच जणू. (शास्त्राप्रमाणे दोघांचं नातं नाही, पण दिसायला तसाच.) उन्हाळ्यात हे कुटुंब तीन-तीन महिने स्कॉटलंडमध्ये मोठं घर भाड्यानं घेऊन राहायचं. तिथे रान होतं, नदी होती. तिथली तिची एक चित्रवही आजही जपून ठेवलेली आहे, १८७५ सालची. म्हणजे तेव्हा ती जेमतेम आठ-नऊ वर्षांची. त्या वहीत सुरवंट आहेत. आपण सुरवंट दिसला की किंचाळतो. ही मुलगी त्याच्यासमोर बसून त्याचा रंग, केस आणि तो काय खातो हे लिहून काढायची.

आता पुढचं जरा मन घट्ट करून वाचा. पाळलेला किंवा रानात सापडलेला एखादा प्राणी मेला, की ही भावंडं त्याची कातडी सोलायची, त्याला उकळायची आणि हाडं वेगळी करून सांगाडा जुळवायची. मग त्या सांगाड्याची मापं घेऊन चित्र काढायचं. वाचलं तेव्हा मला कसंतरीच झालं. आपल्या घरी पोरांनी असं काही केलं असतं तर भांड्यासकट बाहेर काढलं असतं! पण नंतर विचार केला आणि लक्षात आलं, की तिचा ससा दोन पायांवर उभा राहिला, कोट घालून चालायला लागला, तरी आपल्याला खोटा वाटत नाही, तो याचमुळे. त्या मऊ केसांखाली गुडघा कुठे आहे आणि खांदा कुठे वळतो, हे तिला पक्कं माहीत होतं.

लहान प्राण्याचं चित्र काढून बघा एकदा, म्हणजे कळेल. फूलदाणी कशी, ठेवली की राहते. खार राहत नाही. तिचं नाक काढेपर्यंत तोंड फिरतं, शेपटी काढायला घ्यावी तर ती फांदीच्या पलीकडे. म्हणून मग एकच चित्र पुरं करण्याचा हट्ट सोडावा लागतो. हललं की ते तसंच ठेवायचं, शेजारी दुसरं सुरू करायचं. पुन्हा तशीच बसली की पहिल्याकडे यायचं. एका कागदावर पाच-सहा अर्धवट चित्रं होतात ती अशी. केस काढायचे तर ज्या दिशेनं उगवतात त्याच दिशेनं पेन्सिल हलकी ओढायची, कपाळावर वेगळी दिशा, गालावर वेगळी. आणि डोळ्यातला उजेडाचा ठिपका कागद कोरा ठेवूनच मिळतो, नंतर खोडून तो तसा येत नाही. यात हातापेक्षा डोळ्याचं काम जास्त. वडिलांचे मित्र असलेले नामवंत चित्रकार जॉन एव्हरेट मिले यांनीही तिला तेच सांगितलं होतं. चित्र काढणारे पुष्कळ असतात, पण तिच्याकडे नीट बघण्याची देणगी आहे, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता. ती गोष्ट बिआट्रिक्सनं आयुष्यभर लक्षात ठेवली.

बाराव्या वर्षापासून काही वर्षं तिला चित्रकला शिकवायला बाई येत होत्या. त्यानंतर तिला जी काही शिकवणी मिळाली ती तिला फारशी मानवली नाही. दुसऱ्याची पद्धत आपल्या हातात बसवली तर आपलं आहे तेही जाईल, अशी तिला भीती वाटायची. मग ती शिकली ते प्राण्यांकडूनच. माणसं मात्र तिला शेवटपर्यंत चांगली काढता आली नाहीत. हे ती स्वतःच कबूल करायची. पीटरच्या पुस्तकात माळीबुवांच्या बायकोचं एक चित्र होतं, ते दोनदा काढूनही जमलं नाही आणि पुढच्या आवृत्तीतून गाळूनच टाकलं.

विशीच्या आत-बाहेर तिला मोठी आजारपणं झाली. एकदा केस इतके गळले, की कापून टाकावे लागले. लग्न जमलं नाही. मोठ्या घरातली बिनलग्नाची मुलगी म्हणजे आईवडिलांची देखभाल आणि घरची व्यवस्था तिच्याकडेच. आपण म्हणतो, श्रीमंतांच्या मुलींना काय काम! खरंच, तिला धुणी-भांडी नव्हती, पाण्याच्या रांगेत उभं राहायचं नव्हतं, हे मी विसरत नाही. पण तिशी उलटलेल्या बाईला घराबाहेर पडताना आईला विचारावं लागत होतं. पंधराव्या वर्षाच्या आसपास तिनं एक डायरी लिहायला घेतली ती स्वतः बनवलेल्या सांकेतिक लिपीत, बारीक बारीक अक्षरात. कुणाच्या हाती लागली तरी वाचता येऊ नये अशी. पंधरा-सोळा वर्षं ती लिहीत राहिली. लेस्ली लिंडर नावाच्या एका चाहत्यानं कित्येक वर्षं डोकं लढवून १९५८ मध्ये त्या लिपीचं कोडं सोडवलं. वाचल्यावर कळलं, की त्यात लपवण्यासारखं भयंकर असं काही नव्हतंच. माणसं, चित्रं, प्रवास आणि तिची मतं. स्वतःची मतंसुद्धा कुलपात ठेवावी लागली, हेच काय ते!

आता पहिल्या कमाईची गंमत सांगते. १८९० साली, चोवीसाव्या वर्षी, तिला काही पैसे हवे होते. तिनं आपल्या बेंजामिन नावाच्या सशाला समोर बसवलं आणि शुभेच्छापत्रांसाठी चित्रं काढली. लंडनच्या एका प्रकाशकानं ती सहा पौंडांना घेतली. हा बेंजामिन म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. त्याला गळ्यात पट्टा बांधून ती कुत्र्यासारखं फिरायला न्यायची. पैसे आले त्या आनंदात तिनं त्याला कपभर हेम्पच्या बिया खाऊ घातल्या. हेम्प म्हणजे भांगेच्याच कुळातली वनस्पती! दुसऱ्या दिवशी ससेबुवा असे काही झिंगले होते, की चित्रासाठी बसायलाच तयार नाहीत. हे सगळं तिनं त्या गुप्त डायरीत लिहून ठेवलं आहे.

सहा पौंड. आकडा लहान वाटेल. पण आमच्या बचत गटातल्या एका काकूंनी पापडाचे पहिले दोनशे रुपये कसे किती तरी दिवस मोडलेच नव्हते, हे मी पाहिलंय. त्यामुळे मला ते सहा पौंड कळतात.

मध्ये काही वर्षं तिला अळंब्यांनी वेड लावलं. रानात उगवणाऱ्या शेकडो अळंब्यांची तिनं इतकी अचूक रंगीत चित्रं काढली, की १९६७ साली ती अळंब्यांवरच्या एका शास्त्रीय पुस्तकात छापली गेली. नुसती चित्रं नाही, सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू कसे रुजतात याचाही तिनं अभ्यास केला आणि त्यावर निबंध लिहिला. १ एप्रिल १८९७ रोजी तो लंडनच्या लिनियन सोसायटीत मांडला गेला. पण तिनं नाही मांडला! बायकांना तिथल्या सभेत प्रवेशच नव्हता. दुसऱ्या एका संशोधकानं तो तिच्या वतीनं ठेवला. पुढे तिनं तो परत घेतला आणि त्या विषयाला रामराम केला. तिला योग्य वागणूक मिळाली नाही हे त्या संस्थेनं मान्य केलं, पण त्यासाठी १९९७ साल उजाडलं. तोवर बाईंना जाऊन चोपन्न वर्षं झाली होती.

मग राहिलं काय? ससा.

तोही नवा ससा. लंडनच्या एका रस्त्यावर तिनं तो साडेचार शिलिंगांना विकत घेतला होता. नाव पीटर. तो शेकोटीसमोर मांजरासारखा पसरायचा आणि तिच्याबरोबर आगगाडीनं प्रवासही करायचा. तिला शिकवायला येणाऱ्या शेवटच्या बाई तिच्यापेक्षा थोड्याच मोठ्या होत्या. लग्नानंतरही दोघींची मैत्री टिकली. त्यांचा थोरला मुलगा नोएल पाच वर्षांचा असताना आजारी होऊन अंथरुणात पडला होता. ४ सप्टेंबर १८९३ रोजी बिआट्रिक्सनं स्कॉटलंडहून त्याला पत्र लिहायला घेतलं. पण आजारी पोराला लिहायचं तरी काय? म्हणून तिनं चार सशांची गोष्ट लिहिली, मध्ये मध्ये चित्रं काढली. त्यातला एक खोडकर ससा आईचं न ऐकता शेजारच्या बागेत घुसतो, कोट आणि बूट हरवून कसाबसा जीव वाचवून घरी येतो. झालं, एवढीच गोष्ट. जगभर चार कोटींच्या वर प्रती खपलेलं पुस्तक असं एका आजारी मुलाच्या पत्रातून जन्माला आलं.

मुलानं ते पत्र टाकलं नाही, हे किती बरं झालं! सात वर्षांनी, १९०० साली, बिआट्रिक्सनं ते त्याच्याकडून परत मागून घेतलं, नक्कल केली, चित्रं वाढवली आणि प्रकाशकांकडे पाठवलं. एकामागून एक नकार आले. कुणाला पुस्तक मोठ्या आकाराचं हवं होतं, कुणाला रंगीत. हिचा हट्ट एकच, लहान मुलाच्या हातात मावलं पाहिजे आणि फार महाग असता कामा नये. शेवटी पस्तिसाव्या वर्षी तिनं स्वतःच्या बँकेतले पैसे काढले आणि डिसेंबर १९०१ मध्ये २५० प्रती स्वतः छापून घेतल्या. त्या हातोहात गेल्या, म्हणून दोनच महिन्यांत आणखी २०० छापल्या. मग पूर्वी नकार दिलेल्या फ्रेडरिक वॉर्न कंपनीलाच पुस्तक हवंसं वाटलं. अट एकच, चित्रं रंगीत करा. ऑक्टोबर १९०२ मध्ये पुस्तक आलं आणि वर्ष संपेपर्यंत २८ हजार प्रती छापून झाल्या. ज्याच्यावरून ही चित्रं केली तो पीटर मात्र ते बघायला नव्हता. १९०१ च्या जानेवारीतच, नऊ वर्षांचा होऊन तो गेला होता.

पुढचं पुस्तक खारीचं. १९०३ मध्ये आलेलं, ‘स्क्विरल नटकिन’. तिकडची खार आपल्या खारीसारखी पाठीवर पट्टे असलेली नव्हे. तांबूस अंग, कानांवर केसांचे झुपके आणि कुंच्यासारखी शेपटी. रानातल्या खारी बघून झाल्या होत्या, पण जवळून काढायला एक हवी म्हणून तिनं दोन विकत आणल्या. त्या दोघींचं इतकं भांडण जुंपलं, की दोघींतली देखणी पण भांडखोर होती तिला काढून टाकावं लागलं. राहिली ती स्वभावानं गरीब, पण भांडणात तिचा अर्धा कान गेलेला! आता अर्ध्या कानाची खार समोर ठेवून पूर्ण कानाची खार काढायची.

हेजहॉगची कथा याहून मजेदार. १९०५ मध्ये आलेल्या ‘मिसेस टिगी-विंकल’ या पुस्तकात हेजहॉग धोबीण दाखवली आहे. कपडे धुणारी, इस्त्री करणारी, पदर खोचल्यासारखा स्कर्ट वर खोचलेली. स्कॉटलंडमध्ये त्यांचे कपडे धुणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईवरून तिला ती सुचली. मॉडेल म्हणून स्वतःची पाळलेली टिगी. टिगी मांडीवर झोपायला मिळालं की खूश. पण अर्धा तास तिला उभं करून ठेवलं, की आधी केविलवाण्या जांभया द्यायची आणि मग चावायची. मग कपड्यांची चित्रं काढण्यासाठी बाईंनी कापूस भरून एक बाहुली केली. म्हणजे चेहरा टिगीचा आणि पोलकं बाहुलीचं.

या सगळ्या पुस्तकांच्या निमित्तानं वॉर्न कंपनीतल्या नॉर्मन वॉर्नशी रोजचा पत्रव्यवहार सुरू झाला होता. तिघा भावांतला तो धाकटा. सशाचे कान, खारीची शेपटी, कागद कुठला, रंग कसा, याच गोष्टी पत्रांत. पण माणसं जवळ यायला आणखी काय लागतं? जुलै १९०५ मध्ये नॉर्मननं लग्नाची मागणी घातली. ती एकोणचाळीस वर्षांची, तो सदतीस. आईवडिलांनी कडाडून विरोध केला. कारण काय, तर तो धंदा करणाऱ्यांपैकी! स्वतःचं घर कापडछपाईच्या पैशावर उभं होतं हे सोयीनं विसरलेले. आपल्याकडेही सोयरिकीच्या वेळी माणसं स्वतःचे आजोबा कसे विसरतात, ते तुम्ही पाहिलं असेलच. या वेळी मात्र तिनं ऐकलं नाही. बोटात अंगठी घातली. फक्त इतक्यात कुणाला सांगायचं नाही, एवढं मान्य केलं.

महिना झाला आणि २५ ऑगस्टला नॉर्मन वारला. रक्ताचा कर्करोग होता. ती तेव्हा घरच्यांबरोबर वेल्समध्ये होती. साखरपुडा जाहीरच नव्हता, तेव्हा उघडपणे दुःख करण्याचीही सोय नव्हती. मी गावात एकल महिलांसाठी थोडंफार काम करते. ज्यांच्या दुःखाला नातंच चिकटवता येत नाही अशा बायका तिथे भेटतात. त्यांना कुणी भेटायलाही येत नाही.

त्याच वर्षी शरद ऋतूत बिआट्रिक्सनं इंग्लंडच्या उत्तरेला, सरोवरांच्या प्रदेशात, सॉरी नावाच्या खेड्यात हिल टॉप नावाचं ३४ एकरांचं शेत आणि घर घेतलं. पैसे पुस्तकांच्या कमाईचे आणि नात्यातल्या एका बाईकडून वारशानं आलेले. स्वतःच्या नावावरचं घर! लगेच तिथे राहायला जाता आलं नाही, हेही लक्षात घ्या. आईवडील लंडनला, त्यांचं बघायचं. काही दिवसांसाठी जायचं, परत यायचं. पण त्या घराचा जिना, दार, भाजीची बाग, कोंबड्या, सगळं पुढच्या पुस्तकांत उतरलं. टॉम किटन हे मांजराचं पिल्लू आणि जेमिमा ही भोळसट बदकीण याच घरची.

शेजारची आणखी शेतं घेताना कागदपत्रं बघायला विल्यम हीलिस नावाचे गावातले वकील होते. १९१२ मध्ये त्यांनी लग्नाचं विचारलं. घरून पुन्हा तोच नकार, वकील आपल्या तोलाचा नाही म्हणून. तेव्हा धाकट्या बर्ट्रमनं तोंड उघडलं. त्यानं अकरा वर्षांपूर्वीच गुपचूप लग्न करून टाकलं होतं! अखेर १५ ऑक्टोबर १९१३ रोजी बिआट्रिक्सचं लग्न झालं. तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती.

यानंतरची तीस वर्षं ती गावात मिसेस हीलिस म्हणून राहिली. पुस्तकं कमी होत गेली, डोळे दमले होते. तिला आता मेंढ्यांचा नाद लागला होता. हर्डविक जातीच्या, डोंगरावर राहणाऱ्या जाड लोकरीच्या मेंढ्या. जाडाभरडा लोकरी घागरा आणि पायात लाकडी तळाचे जोडे घालून ही बाई मेंढ्यांच्या बाजारात पुरुषांच्या बरोबरीनं उभी राहायची आणि बक्षिसं घेऊन जायची. १९४३ मध्ये हर्डविक पाळणाऱ्यांच्या संघटनेनं तिला अध्यक्ष निवडलं, अशी निवड झालेली ती पहिली बाई. आणखी एक गोष्ट, आमच्या कामातली म्हणून सांगते. आजूबाजूच्या खेड्यांत आजारी माणसांकडे जाणारी नर्स असावी म्हणून तिनं पुढाकार घेऊन व्यवस्था उभी केली. हे तिच्या चरित्रात चार ओळींत येतं. मला तिथे बराच वेळ थांबावंसं वाटलं.

पुस्तकांचा पैसा ती जमिनीत घालत राहिली. स्वतःसाठी नव्हे. शेतकरी कर्जात गेला, की शेत विकत घेऊन तिथे बंगले बांधणारे टपलेलेच असत. ते होऊ नये म्हणून ती घेत गेली. पद भूषवण्याआधीच, २२ डिसेंबर १९४३ रोजी तिचं निधन झालं. मागे चार हजार एकरांहून जास्त जमीन आणि चौदा-पंधरा शेतं होती. ती सगळी तिनं नॅशनल ट्रस्ट या संस्थेसाठी ठेवली, मेंढ्यांसकट. तिची रक्षा तिच्या मेंढपाळानं तिथल्याच डोंगरउतारावर पसरली. नेमकी कुठे, हे त्यानं गावात कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी मी तालुक्याच्या ग्रंथालयातून तिच्या चित्रांचं पुस्तक मागवून वर्गात नेलं. सातवीतली मुलगी सशाच्या डोक्यांच्या पानावर अडकली. किती तरी वेळानं तिनं विचारलं, काकू, यातला एकही पुरा का नाही? ससा हलला असेल, म्हटलं. ती हसली आणि पुन्हा खिडकीकडे वळली.

संध्याकाळी तिची आई आली तेव्हा मी तिला सतरंजीवर बसवून घेतलं आणि ही सगळी हकीकत सांगितली. सहा पौंड, सशाची नशा, अर्ध्या कानाची खार, नॉर्मनचं जाणं, सगळं. तिनं लक्ष देऊन ऐकलं. शेवटी एकच विचारलं, किती एकर म्हणालात? चार हजारांच्या वर, मी सांगितलं. तिनं मान हलवली, पदर खोचला आणि पोरीला हाक मारली, नळाला पाणी यायची वेळ झाली होती. वही सतरंजीवरच राहिली होती. दारापर्यंत गेलेली आई मागे फिरली, वही उचलली, तिच्यावरची धूळ झटकली आणि भाजीच्या पिशवीत न घालता हातातच घेऊन गेली.